उलट्या बाजूचा उतारा

भिंगरी बाईंना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं हात वर करावा, असं म्हटलं असतं तर त्या शाळेत एकही हात वर झाला नसता. नाव मुलांनीच ठेवलेलं होतं, पाठीमागे. बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. आता फळ्यापाशी आहेत म्हणावं तोवर बाई खिडकीपाशी, तिथून मागच्या बाकावर कुणाच्या तरी वहीत नाक खुपसून, तिथून थेट जिन्यात. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, पालकांच्या भेटी चालता चालता. पालक बिचारे त्यांच्या मागून अर्धी शाळा फिरत आणि जिना संपला की भेटही संपली असं समजून घेत. बाईंनी पन्नाशी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, पण पायांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच सदान्‌कदा डोलत असे.

शाळा टायरच्या दुकानावर होती, दोन मजल्यांत. खाली हवेचा पंप सुरू झाला की वरच्या फरश्या थरथरत. इथली मुलं बोलायला पक्की, बिघडलेली खेळणी उघडून जोडायला पक्की, पण छापील ओळ समोर आली की त्यांचं घोडं पेंड खायचं. डॉक्टर त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. मोठ्या शाळांनी त्याला आळस, मस्ती, मठ्ठपणा अशी नावं देऊन झालेली असत, आणि पोरं ती सगळी नावं अंगावर वागवत इथे येत. इथे अक्षरं वाळूच्या ताटात बोटानं गिरवायची, खरखरीत कागदावरून हात फिरवून ओळखायची, एकच ओळ दिसेल एवढी फट कापलेला पुठ्ठा पुस्तकावरून सरकवत वाचायचं. दोन वर्षं, तीन वर्षं. मग मूल मिनिटाला ऐंशी शब्द वाचायला लागलं की त्याला दाखला मिळे आणि ते मोठ्या शाळेत परत जाई. बाकीच्या शाळा मुलं टिकावीत म्हणून धडपडतात, ही शाळा मुलं जावीत म्हणून.

ऐंशी झाले की नाही, हे भिंगरी बाई मोजत. कारण स्टॉपवॉच त्यांचं होतं, आणि ते त्यांच्याबरोबर जुन्या नोकरीतून आलं होतं.

जुन्या नोकरीत बाई खेळाच्या शिक्षिका होत्या. मैदान, शिटी, पांढरी रेघ. जन्मच जणू त्यासाठी घेतलेला. तिथे त्यांच्याकडे एक मुलगी होती, चारशे मीटरला सगळ्या जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती वर्गात दोनदा नापास झाली आणि एके दिवशी यायची बंद झाली. बाई घरी गेल्या तर ती दारातच म्हणाली, "बाई, पळायला मला काही वाटत नाही. वाचायला उभं केलं की लाज वाटते." बाईंनी तिला समजावलं, दटावलं, विनवलं. ती काही आली नाही. त्यानंतर वर्षभर बाईंना मैदान गोड लागेना. एक दिवस त्यांनी शिटी कपाटात ठेवली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, ज्यात सगळ्या विद्यार्थिनी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या, आणि या टायरवरच्या शाळेत आल्या. नवरा औषधाच्या दुकानात होता. तो म्हणाला होता, "तिथे बसून शिकवावं लागतं म्हणे. तुझं कसं व्हायचं?" वीस वर्षं झाली, पण ते बसणं बाईंना काही जमलं नाही.

परीक्षेची पद्धत सोपी होती. मुलाच्या हातात एक कार्ड द्यायचं, दोन्ही बाजूंना एकेक उतारा छापलेलं, वर प्लास्टिक चढवलेलं. मथळा मोजणीत धरत नाहीत, म्हणून तो बाईच वाचून देत. मग "सुरू" म्हणायचं आणि बटण दाबायचं. मूल वाचतं, बाई आपल्या हातातल्या प्रतीवर चुकांना काट मारतात. मूल अडलं तर तीन सेकंद थांबायचं आणि शब्द सांगून टाकायचा. मिनिट झालं की "थांब". झालं. पूर्वी प्रत्येक मुलाला वर्गातून बोलावून आणावं लागे, आणि त्यात बाईंचा जीव जायचा. दीड वर्षापूर्वी त्यांनी स्वतःच एक बाक ओढत आणून परीक्षेच्या खोलीच्या दाराशी ठेवला. "इथे ओळीनं बसायचं. एक बाहेर, दुसरा आत. मला वाट बघायला लावू नका." सगळ्यांचा वेळ वाचला.

आता गोष्ट धाकटीची. धाकटी म्हणजे जुळ्यांतली धाकटी. तिची बहीण तिच्याहून अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून ती थोरली. वडील लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक, आई धुलाईच्या दुकानात इस्त्रीवर. दोघी बहिणी पहिलीपर्यंत एका बाकावर बसल्या, थोरली भराभरा वाचायला लागली, धाकटी अडून बसली. दुसरीत असतानाच तिला इथे पाठवलं. त्याला तीन वर्षं झाली होती. रोज दोन बस बदलून यायची, दोन बस बदलून जायची. थोरली आता पाचवीत जाणार होती, आणि धाकटीच्या डोक्यात गेलं वर्षभर एकच: आपणही पाचवीत, त्याच वर्गात, त्याच बाकावर. मोठ्या शाळेनं तिच्यासाठी एक जागा राखून ठेवली होती, पण ती सोमवारपर्यंतच. सोमवारी दाखला पोहोचला तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाची.

गुरुवारी तिची परीक्षा झाली. तिच्या आधी सात मुलं होऊन गेली होती. बाईंनी कार्ड पुढे ठेवलं, एकीकडे खाली पंपवाल्याला खिडकीतून "जरा बंद ठेवा हो!" म्हणून ओरडल्या, दुसरीकडे आपल्या प्रतीवर तारीख घातली, आणि मथळा वाचला, "नावाडी. सुरू."

धाकटी वाचत सुटली. काय वाचली म्हणून सांगू! नदीवर पूल झाला, लोक पुलावरून जायला लागले, म्हाताऱ्या नावाड्याची नाव काठाला बांधलेली राहिली. पूर्णविरामाला थांबते आहे, नावाड्याच्या बोलण्यात आवाज जड करते आहे. मिनिटाला ब्याण्णव शब्द, एकही काट नाही. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी आत येऊन टाळ्या वाजवल्या. भिंगरी बाईंनीही वाजवल्या, डोळे पुसत वाजवल्या. बाहेर वडील हातात टोपी धरून उभे होते, त्यांना जिन्यातच बातमी मिळाली. अर्ध्या तासात धाकटीचं नाव सूचनाफलकावर लागलं आणि दाखला टाइप होऊन भिंगरी बाईंच्या सहीसाठी टेबलावर आला.

सगळे गेल्यावर बाई खोली आवरायला लागल्या. कार्ड उचललं आणि फडताळात ठेवता ठेवता सहज नजर गेली. ते जसं टेबलावर ठेवलं होतं तसंच होतं. वरच्या बाजूला मथळा होता: 'मधमाशांचं घर'.

 त्यांनी कार्ड उलटं केलं. मागे 'नावाडी'. पुन्हा सुलटं केलं. घाईघाईत त्यांनी स्वतःच ते चुकीच्या बाजूनं ठेवलं होतं. धाकटी मिनिटभर मधमाशांकडे बघत होती, आणि नावाडी वाचत होती.

बाई दाराशी गेल्या, परत आल्या. दार उघडलं, लावलं. बाहेरच्या बाकाकडे बघत राहिल्या. मग त्या बाकावर जाऊन टेकल्या, क्षणभरच, आणि दाराच्या वरच्या उघड्या झडपेतून त्यांना खोलीतल्या घड्याळाची टिकटिकही स्पष्ट ऐकू आली. धाकटी इथे बसली होती तेव्हा सात मुलं आत तोच उतारा वाचत होती. एकदा, दोनदा, सातदा. कुणी अडलं की स्वतः बाईच खणखणीत आवाजात शब्द सांगत होत्या.

त्यांनी धाकटीची फाइल काढली. पहिलं दीड वर्ष: चौदा, एकोणीस, सव्वीस, एकतीस. मुंगीच्या पावलानं, पण चढत. मग एकदम अठ्ठावन्न, चौऱ्याहत्तर, ब्याण्णव. हा आलेख बाईंनी गेल्या सभेत कौतुकानं भिंतीवर लावून दाखवला होता. अठ्ठावन्नची तारीख बाक आणला त्याच्या पुढच्या महिन्यातली निघाली. वर्गात वाचायची पाळी आली की ही पोर नेहमी म्हणायची, "बाई, मी शेवटी वाचते, आधी त्यांना वाचू द्या." बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं: स्वभाव समजूतदार.

"समजूतदार!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. खाली पंप सुरू झाला.

संध्याकाळी घरी त्यांनी कणीक तीनदा मळली. नवरा वर्तमानपत्राआडून बघत होता.

"काय झालंय?"

बाईंनी सांगितलं, स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा पाच-सहा फेऱ्यांत.

"मग सही करून टाक," तो म्हणाला. "एवढं लांबलचक पाठ करणारं पोर तिथेही तरून जाईल. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना!"

"मग नको करूस."

"अहो, तिचं वर्ष जाईल! तिची बहीण..." बाई पुन्हा आत गेल्या.

"एकाच वेळी दोन्हीकडे कसं पळता येईल?" तो म्हणाला, आणि बाई परत आल्या नाहीत म्हणून पेपर उघडून बसला. पण त्याचंही वाचनात लक्ष नव्हतं, पान एकच होतं.

शुक्रवारी टायरवरच्या शाळेला सुट्टी होती. बाईंनी कपाट आवरायला घेतलं, अर्ध्यात सोडलं. बाजारात गेल्या, पिशवी तिथेच विसरल्या, परत जाऊन आणली. शेवटी अकराच्या सुमाराला त्या मोठ्या शाळेच्या फाटकात उभ्या होत्या. कार्यालयात त्यांनी सांगितलं की आमची एक मुलगी इथे यायची आहे, वर्ग बघून घ्यावा म्हटलं. शिपायानं त्यांना चौथीच्या वर्गापर्यंत नेलं. याच मुली पुढच्या वर्षी पाचवीत जाणार होत्या, शिक्षिकाही तीच राहणार होती. बाई खिडकीशी थांबल्या.

आत छप्पन्न मुली. वाचनाचा तास. ओळीनं एकेकीनं उभं राहून चार ओळी वाचायच्या. शिक्षिका वाईट नव्हती. ती रागावत नव्हती, ओरडत नव्हती. तिला धडा पुरा करायचा होता. वाचता आलं की बसायचं, अडलं की "बरं, पुढची", आणि अडलेली तशीच उभी. तासाच्या शेवटी वर्गात चार मुली उभ्या होत्या. त्यातली एक खिडकीबाहेर बघत होती, आणि बाहेर बाई होत्या. दोघींची नजरानजर झाली तेव्हा बाईंनीच मान वळवली. तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीचं तोंड त्यांना लख्ख आठवलं, आणि त्यांना वाटलं, तो दाखला जाऊन फाडून टाकावा.

मग त्यांना थोरली दिसली. धाकटीचाच चेहरा, फक्त वेण्या घट्ट. तिसऱ्या बाकावर एकटी बसली होती. शेजारच्या अर्ध्या बाकावर तिनं दप्तर ठेवलं होतं, आणि घंटा झाल्यावर एक मुलगी तिथे टेकायला आली तेव्हा थोरलीनं दप्तरावर हात आडवा टाकला. "नाही गं, इथे माझी बहीण बसणारे. पास झालीये ती. ब्याण्णव!"

बाई तिथून निघाल्या त्या चालत सुटल्या. बस सोडली, दुसरीही सोडली. सही करावी तर ती पोर त्या चार जणींत पाचवी म्हणून उभी राहणार, आठवड्यात नाही तर महिन्यात; तिथे काही तिच्याच ओळी रोज सात जणी आधी वाचून दाखवणार नाहीत. सही करू नये तर ते दप्तर उचललं जाणार, आणि ते उचलायला लावणारे हात आपले. बरं, पोरीला खोटारडी म्हणावं, तर बाक कुणी ठेवला? स्वतःच्या घाईचा त्यांना इतका राग आला की चालता चालता त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून पिशवीत कोंबलं. घरी पोहोचेपर्यंत ते त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं.

शनिवारी दहा वाजता वडील दोघी मुलींना घेऊन दाखला न्यायला आले. धाकटीच्या अंगावर मोठ्या शाळेचा नवा गणवेश होता, अजून घडीच्या रेघा असलेला. तिनं हट्ट करून घातला होता. बाईंनी वडिलांना आणि थोरलीला बाहेरच्या बाकावर बसवलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, "इथे नको, तिकडे ऑफिसात बसा," म्हणाल्या. धाकटीला आत घेतलं, दार लावलं, दारावरची झडपही लावली.

टेबलावर कार्ड होतं. मधमाशांची बाजू वर.

"हे वाच बरं," बाई म्हणाल्या. मथळा त्यांनी वाचला नाही.

धाकटीनं कार्डाकडे पाहिलं. मग बाईंकडे. नव्या गणवेशाची कॉलर तिला टोचत असावी, तिनं मान दोनदा फिरवली. ती काही वेंधळी नव्हती, तिला सगळं कळलं.

"बाई, नावाडीवाला घ्या ना. तो मला येतो."

"येतो. पण तू तो वाचत नाहीस."

"सगळं बरोबर म्हटलं होतं मी. एक पण शब्द चुकला नव्हता."

"नव्हता चुकला."

"मग?" तिचा आवाज चढला. "तुम्हीच तर बाक ठेवला तिथे. मी काही कान लावून नव्हते बसले. ऐकूच येतं!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. तुझ्यावर मी रागावले नाहीये. पण तिकडे बाक नाही गं तसा. तिकडे मी कालच जाऊन आले. तू किती वाचतेस ते मला खरं कळू दे."

धाकटीनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. ती खरंच वाचत होती, हे बाईंना पहिल्या ओळीतच कळलं. पाठ केलेलं म्हणताना तिचा आवाज नाचायचा. आता तो जड सामान उचलल्यासारखा एकेका शब्दापाशी वाकत होता. म-ध-मा-शा. मधमाशा. पोळं. पोळ्याच्या. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. मिनिट झालं. "थांब." बाईंनी मोजले. मग पुन्हा मोजले, जणू दुसऱ्या वेळी दया येऊन आकडा वाढणार होता. अडतीस.

"किती?"

"अडतीस."

धाकटीचा चेहरा असा पडला की बाईंना तिथून उठून पळून जावंसं वाटलं. त्या उठल्याही. खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकतीसचे अडतीस झाले होते, ते तिचे तिनं मिळवलेले होते, पण हे आत्ता सांगण्यात काय अर्थ होता? सांगितलं तरी तिच्या कानापर्यंत गेलं नसतं. ती आवाज न करता रडत होती आणि नव्या बाहीनं नाक पुसत होती.

ऑफिसात बाईंनी वडिलांना सगळं सांगितलं. मोठ्या बाई मध्येच म्हणाल्या, "अहो, फलकावर लागलंय नाव!" भिंगरी बाई म्हणाल्या, "मी काढते." आणि खरंच जाऊन काढून आल्या, टाचण्यांसकट.

वडील सावकाश बोलणारे होते. ते उठून उभे राहिले. "परवा तुम्हीच टाळ्या वाजवल्यात ना, मॅडम?"

"वाजवल्या."

"आम्ही घरी सगळ्यांना सांगितलंय. हा गणवेश घेतलाय. काल रात्रभर ही झोपली नाही आनंदानं. तुम्ही तीन वर्षं रोज हिला बघता, आणि तुम्हाला आज कळतंय?"

"हो," बाई म्हणाल्या. "आज कळतंय. मला दीड वर्षापूर्वी कळायला हवं होतं. तुम्ही काय बोलाल ते बोला."

 "अजून किती?" वडिलांनी विचारलं.

"एक वर्ष. कदाचित जास्त."

"कदाचित!" ते म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.

थोरली इतका वेळ ऑफिसच्या दारात उभी होती. "बाबा, म्हणजे ही नाही येणार?" तिनं विचारलं.  ती धाकटीजवळ गेली, तिची बाही धरली आणि सोडलीच नाही.

बाईंनी टाइप केलेला दाखला घेतला, ब्याण्णववर आडवी रेघ मारली, वर अडतीस लिहिलं आणि खाली सही केली.  वीस वर्षांत त्यांनी असंख्य सह्या केल्या होत्या, त्या सगळ्या चालता चालता. ही त्यांनी खुर्चीत बसून केली. मोठ्या बाई बघतच राहिल्या.

वडील मुलींना घेऊन जिना उतरायला लागले. बाई ऑफिसातच बसून होत्या.  त्यांना ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं आणि मोठ्या बाई समोर असल्यामुळे ते जमत नव्हतं. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. परत चढणारी. धाकटी दारात आली, पाठोपाठ बाही धरलेली थोरली. डोळे लाल, हनुवटी वर. बाईंशी ती अजून कट्टीच होती, ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"बाई," ती फणकाऱ्यानंच म्हणाली, "त्या नावाड्याचं पुढे काय होतं?"

"कुठल्या?"

"नाव काठाला बांधून ठेवतो, तिथपर्यंतच येतं मला. त्याच्या पुढे कुणी पोचायच्या आत तुम्ही थांबवता."

 अकरा वर्षं बाई हे कार्ड वापरत होत्या. शेकडो मुलांनी त्यांच्यासमोर नदी, पूल, काठाला बांधलेली नाव, फार तर एवढं वाचलं होतं, आणि दर वेळी त्यांनी बटण दाबलं होतं. पुढचं त्यांनी कधीतरी वाचलं असेल. त्यांना ते आठवेना.

"मला नाही माहीत गं," बाई म्हणाल्या.

"तुम्हालापण नाही?"

"नाही."

धाकटीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग परीक्षेच्या खोलीत गेली, कार्ड घेऊन आली आणि बाईंच्या टेबलावर नावाडीची बाजू वर करून ठेवली. बोट थेट मधल्या ओळीवर नेलं, जिथे तिला पाठ असलेलं संपत होतं. खालून वडिलांची हाक आली. थोरली तिच्या खांद्यावरून वाकली. तिला ते सगळं चार श्वासांत वाचून सांगता आलं असतं, आणि तिनं तोंड उघडलंही.

धाकटीनं दुसऱ्या हातानं खालच्या ओळी झाकल्या.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "मी वाचतेय. ए-क-दा... एकदा... प-हा..."

खालून दुसरी हाक आली. भिंगरी बाई जागच्या हलल्या नाहीत. तीन सेकंद होऊन गेले, सहा झाले, दहा झाले, आणि त्यांनी शब्द सांगितला नाही.